पंचेचाळीस मिनिटं, तीनशे जवान आणि ‘आध्यात्मिक सक्षमता’

रामबागकर (धागाकर्ती)

मंडळी, नमस्कार. बरीच वर्षं वाचनमात्र होते. आज अडलंय म्हणून धागा काढतेय.

मी इंदूरला समुपदेशक आहे. इथून तासाभरावर गणवेशातल्या लोकांचं एक केंद्र आहे. कुठलं ते सांगणार नाही, कृपया अंदाजही बांधू नका. तिथे तीन दिवसांचं शिबिर आहे: ‘आध्यात्मिक सक्षमता व आत्महत्या-प्रतिबंध’. पत्रिका हातात आली. पहाटे प्राणायाम, मग ध्यान, मग प्रवचन, दुपारी ‘तणावमुक्त जीवन’, संध्याकाळी भजन. असे अडीच दिवस. तिसऱ्या दिवशी जेवणाआधी ४५ मिनिटं मी. शीर्षकातला दुसरा अर्धा भाग सगळा माझ्या वाट्याला.

फोनवरचे साहेब फार अदबीने बोलले. “मॅडम, ज़रा पॉज़िटिव्ह रखिएगा. वो शब्द बार-बार मत बोलिएगा, लड़कों पर असर पड़ता है.” म्हणजे त्या शब्दावर पाऊण तास बोलायचं, पण तो शब्द न उच्चारता. उखाण्यात नवऱ्याचं नाव न घेण्यासारखंच झालं.

मी अध्यात्माच्या विरोधात नाही. आमच्या आजीने दोन मुलं गमावली आणि ती संध्याकाळच्या दिव्यापाशी बसून तगली, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. पण माझ्यासमोर रोज येणारी माणसंही मी पाहते, आणि त्यातली कित्येक नेमाने पूजा करणारी असतात. तर दोन प्रश्न आहेत. ध्यान-भजनाने जवानाचा जीव वाचतो का? आणि ४५ मिनिटांत मी नेमकं काय द्यावं?

छप्पनवाला भिया

ताई, विषय गंभीर आहे, पण आधी वेळ बदलून घ्या. जेवणाआधी तीनशे जवान आणि शेजारी लंगर. तडक्याचा वास आला की संपलं तुमचं भाषण. पोह्यांच्या गाडीसमोर उभं राहून कविता म्हणून दाखवा, तसं होऊन राहील.

निवृत्त सुभेदार, महू

भियाजी, हसू आलं, पण मुद्दा खरा आहे.

ताई, मी २८ वर्षं फौजेत काढली, आता महूलाच घर बांधलंय. जरा लांब लिहितो.

बाहेरच्यांना वाटतं फौजेत अध्यात्म हल्ली शिबिरातून आलं. तसं नाही. प्रत्येक युनिटमध्ये मंदिर, गुरुद्वारा, मशीद किंवा चर्च असतंच, मिश्र पलटणीत सर्वधर्मस्थळ असतं, एकाच छताखाली. रविवारी मंदिर परेड. परेडच म्हणतात तिला, नुसतं दर्शन नाही. आणि धर्मगुरू असतात. पंडित, ग्रंथी, मौलवी, पाद्री, बौद्ध भिक्षू, पलटणीत जशी नफरी (माणसं) तसे. ते नायब सुभेदार म्हणून भरती होतात, म्हणजे जेसीओ, जवान आणि अधिकारी यांच्या मधली पायरी.

आमच्याकडे एक पंडितजी होते. एक पोरगा रविवारी ढोलक वाजवायचा. सुट्टीवरून परत आला आणि पुढच्या परेडला मागे, चपलांपाशी जाऊन बसला. टाळीसुद्धा नाही. आम्हा कुणाच्या लक्षात आलं नाही. फॉलिनला हजर, बूट चमकतायत, मग काय बघायचं? पंडितजींच्या लक्षात आलं. त्यांनी काही विचारलं नाही. म्हणाले, “रोल कॉलनंतर येत जा, समईच्या वाती वळायच्यात.” तो यायचा. दोघं शेजारी बसून कापूस पिंजायचे. वाती वळताना माणूस खाली बघतो, समोरच्याच्या डोळ्यांत बघावं लागत नाही. चौथ्या-पाचव्या दिवशी पोरगा बोलला. भावाने शेतातला हिस्सा परस्पर विकला होता, बायको माहेरी निघून गेली होती, आणि त्याच्या मनात काय चाललं होतं तेही बोलला.

आता पुढचं महत्त्वाचं. पंडितजींनी त्याला आत्म्याचं अमरत्व ऐकवलं नाही. उठले, त्याला घेऊन एसएम साहेबांकडे, म्हणजे सुभेदार मेजरांकडे गेले. त्याच रात्री संत्री ड्यूटीतून नाव काढलं, कोतमधून (शस्त्रागारातून) त्याला हत्यार द्यायचं नाही असा निरोप गेला, सकाळी आरएमओसमोर, म्हणजे पलटणीच्या डॉक्टरसमोर उभा केला, बडीला, त्याच्या जोडीदार जवानाला, त्याच्या शेजारच्या चारपाईवर आणलं. आठवड्यात सीओ (कमांडिंग ऑफिसर) साहेबांचं पत्र त्याच्या जिल्ह्याच्या कलेक्टरला गेलं, जमिनीबद्दल.

त्याचा जीव वातींनी वाचवला का पत्राने, मला नाही सांगता येणार.

तर्कट

सुभेदारसाहेब, तुमच्याच गोष्टीत उत्तर आहे की. पत्राने, आणि हत्यार लांब ठेवल्याने. वाती योगायोग.

माझं स्पष्ट मत: ‘आध्यात्मिक सक्षमता’ ही वरच्यांची सोय आहे. जवानाला श्वास मोजायला शिकवला की त्याची अडलेली रजा मोजावी लागत नाही. वर्षाला ६० दिवस वार्षिक आणि ३० दिवस नैमित्तिक रजा कागदावर छान दिसते. बहिणीच्या लग्नाच्या तारखेला मिळते का, ते विचारा. प्रश्न घरचा, जमिनीचा, कर्जाचा, आणि औषध मात्र भ्रामरी प्राणायाम!

निवृत्त सुभेदार, महू

तर्कटराव, तुम्ही कधी बर्फातल्या पोस्टवर तीन महिने काढलेत का? तिथं तुमचा तर्क नाही, संध्याकाळची आरतीच सोबत करते. रजेबद्दल बोललात ते मात्र मान्य, शंभर टक्के.

तर्कट

पोस्टवर नाही राहिलो. पण माझा मावसभाऊ राहिला होता. आता नाही. त्याच्या खोलीत जपाची माळ होती. एवढंच लिहितो.

निवृत्त सुभेदार, महू

माफ करा. माहीत नव्हतं.

सराफा ते सिएटल

हा धागा इकडे रात्री दोनला वाचतोय. मी मूळचा लोकमान्य नगरचा. इथे आमच्या शहराजवळ मोठा लष्करी तळ आहे, शेजारीपाजारी सगळे त्यातलेच, म्हणून हा विषय जरा जवळून पाहिलाय.

‘आध्यात्मिक सक्षमता’ हा शब्दप्रयोग इकडच्याच, म्हणजे अमेरिकेच्या लष्कराने कार्यक्रम म्हणून रुळवला. इराक-अफगाणिस्तानच्या काळात आत्महत्या वाढत गेल्या, तेव्हा २००९ मध्ये त्यांनी सैनिकाच्या सर्वांगीण सक्षमतेचा एक प्रचंड उपक्रम सुरू केला. शरीर, भावना, समाज, कुटुंब आणि अध्यात्म अशी पाच अंगं. मार्टिन सेलिगमन या मानसशास्त्रज्ञाचा त्यात मोठा हात होता. प्रत्येक सैनिकाने संगणकावर शंभराहून अधिक प्रश्नांची चाचणी द्यायची, आणि प्रत्येक अंगात आपण कुठे आहोत ते पडद्यावर दिसणार. गडबड इथेच झाली. नास्तिक सैनिकांना निकाल आला की तुम्ही अध्यात्मात कमी पडता, सुधारणेला वाव आहे. ते चिडले, नागरी हक्कवाल्या संघटना मध्ये पडल्या. लष्कराचं म्हणणं होतं की अध्यात्म म्हणजे धर्म नव्हे, जगण्याला अर्थ असणं. पण ज्याला लाल पट्टी दिसली त्याला ही व्याख्या काय कामाची? पुढे २०१४ मध्ये इथल्या वैद्यकीय संस्थेच्या समितीने असल्या मन-बळकटी उपक्रमांचा आढावा घेतला आणि बऱ्याच ठिकाणी परिणामाचा पुरावाच नीट जमवलेला नाही, असं बजावलं. तरी कल्पना गेली नाही. २०२० च्या नव्या नियमपुस्तिकेत शरीर, आहार, मन, झोप यांच्या रांगेत अध्यात्म आहेच. झोपेला तिथे जागा मिळाली, हे मला जास्त आवडलं.

पण एक गोष्ट घेण्यासारखी आहे. इथे पलटणीच्या पाद्र्याला म्हणजे चॅप्लिनला जे सांगाल ते त्याच्यापाशीच राहतं. कमांडरने विचारलं तरी तो सांगत नाही, तसा नियमच आहे. शिवाय तो शस्त्र बाळगत नाही. आत्महत्या रोखायचं प्रशिक्षणही बऱ्याचदा हेच लोक देतात. त्यातल्या एका दोन दिवसांच्या वर्गात सराव काय करून घेतात माहितेय? शेजाऱ्याला थेट प्रश्न विचारायचा. साध्या जवानासाठी तीनच पायऱ्या: विचार, काळजी घे, सोबत घेऊन जा. एकटा पाठवू नको, सोबत जा. सुभेदारसाहेबांच्या पंडितजींनी नेमकं हेच केलं, कुठल्याही वर्गाला न जाता.

नारदाची गादी

मी स्वतः धर्मगुरू होतो फौजेत, आता कीर्तनं करतो. कुठल्या पलटणीत ते राहू द्या. पुण्याच्या राष्ट्रीय एकात्मता संस्थेत आमचं प्रशिक्षण झालं. मंत्र मला आधीच येत होते. माणूस बोलत असताना गप्प बसणं तिथं शिकलो.

आमच्या कामाच्या यादीत पूजा-प्रवचनाबरोबर काय लिहिलेलं असतं ते कुणी वाचत नाही. इस्पितळातल्या आजाऱ्यांना भेटणं, बऱ्या होत असलेल्यांबरोबर प्रार्थना म्हणणं, शिक्षा भोगत असलेल्या जवानांची भेट घेणं, अंत्यसंस्कार. म्हणजे जिथे बाकीचे जात नाहीत तिथे जायचं.

आता कबुली. सुरुवातीच्या वर्षांत मी दरबारानंतरच्या प्रवचनात ठासून सांगायचो, आत्महत्या महापाप, आत्मा भटकतो, घराला सात पिढ्या डाग. श्रोते माना डोलवायचे. एकदा एका हवालदाराने नंतर येऊन विचारलं, “पंडितजी, ज्याच्या मनात नुसता विचार येतो, त्यालाही लागतं का पाप?” मी “विचार आला तरी” असं काहीतरी बोलून गेलो. तो परत माझ्याकडे आला नाही. तो जिवंत आहे, सुखरूप निवृत्त झाला. पण माझ्याकडे आला नाही. मी त्याचं दार लावून घेतलं. आधीच ओझ्याखाली असलेल्या माणसाच्या डोक्यावर मी आणखी एक गोणी ठेवली होती.

ताई, तुमच्या आधी जे प्रवचनकार असतील त्यांना गाठून एवढं सांगता आलं तर बघा: पापाची भाषा नको.

आणि सिएटलकरांनी गुपिताचं लिहिलं. आपल्याकडे धर्मगुरूही सीओ साहेबांच्याच हाताखाली. पण तो आजाराचा कागद भरत नाही, एवढं जवानाला पक्कं ठाऊक असतं.

दवाखान्यातून

लष्करी वैद्यकीय सेवेतून निवृत्त. ‘कागद भरत नाही’ यावर थोडं.

जवानाची तब्येत ‘शेप’ (इंग्रजीत SHAPE) या पाच अक्षरांत मोजतात. पहिलं अक्षर मनाचं, मग ऐकू येणं, हात-पाय, शारीरिक क्षमता, दृष्टी. सगळीकडे एक असेल तर शेप वन. मनाच्या खात्यात एकाचे दोन झाले की लो मेडिकल कॅटेगरी, बोलीत ‘कॅट लागली’. मग कोर्स, बढती, परदेशातली नेमणूक, सगळ्यावर प्रश्नचिन्ह. मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवायचं तर कमांडिंग ऑफिसरकडून वागणुकीचा अहवाल मागवतात, त्याचा ठरलेला फॉर्म आहे. त्यामुळे एमआय रूममध्ये, म्हणजे युनिटच्या दवाखान्यात, पोरं येतात ती पाठदुखी घेऊन, झोप येत नाही म्हणत, ॲसिडिटी घेऊन. मनाचं कुणी बोलत नाही.

त्यात कायदा. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम ११५ प्रमाणे आत्महत्येचा प्रयत्न करणारा तीव्र ताणाखाली होता असंच गृहीत धरायचं, त्याला शिक्षा नाही, उपचार द्यायचे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत आत्महत्येच्या प्रयत्नाला शिक्षा देणारं दंड संहितेचं जुनं कलम ३०९ उरलंच नाही. पण १९५० च्या आर्मी ॲक्टच्या कलम ६४ मध्ये आत्महत्येचा प्रयत्न हा अजून गुन्हा म्हणून लिहिलेला आहे. आता सांगा, जवान कुणाकडे तोंड उघडेल? पंडितजींकडेच.

धाग्यातल्या वादाबद्दल: भजनाने वाचतो की हत्यार दूर ठेवल्याने? दुसऱ्याचा पुरावा भक्कम आहे. इस्रायलच्या सैन्यात पोरं आठवड्याच्या सुट्टीत घरी जाताना रायफल बरोबर नेत. २००६ मध्ये ती तळावरच ठेवायचा नियम केला, आणि तरुण सैनिकांमधल्या आत्महत्या सुमारे ४० टक्क्यांनी घटल्या. कुणाचंही मन बदललं नव्हतं, दोन दिवसांचं अंतर फक्त वाढलं. मरणाची ती लाट बहुतेकदा काही तासांची असते. तेवढे तास काढून द्यायचे. अंतर वाढवणं हा एक मार्ग, शेजारी बसून वाती वळणं हा दुसरा. तर्कटराव, मी दोन्ही घेईन.

आणि ताई, साहेबांना सांगा, तो शब्द उच्चारल्याने कुणाच्या डोक्यात नवी कल्पना शिरत नाही. हे पुन्हा पुन्हा तपासून झालंय. विचारल्यावर माणसाला उलट हलकं वाटतं.

टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक फळ्यावर लिहून ठेवा. चोवीस तास, मराठी-हिंदी दोन्ही चालतं. सैन्यदलांसाठी त्याचा स्वतंत्र कक्ष डिसेंबर २०२३ पासून पुण्याच्या एएफएमसीत, म्हणजे सैन्यदलांच्या वैद्यकीय महाविद्यालयात आहे.

मालवी माणूस

अवांतर: महूचाच विषय निघाला म्हणून. बाबासाहेबांचा जन्म महूचा, कारण वडील रामजी सकपाळ तिथल्या लष्करी शाळेत शिकवायचे. तेही सुभेदार. चालू द्या.

फौजीची बायको

आयडी आजच उघडला. चुकलं तर सांभाळून घ्या.

तुम्ही सगळे युनिटबद्दल बोलताय. शिबिराला आम्हाला कुणी बोलावत नाही. पण रात्री नऊच्या फोनवर आवाज आम्ही ऐकतो.

माझे मिस्टर दोन वर्षांपूर्वी सुट्टीवर आले होते. सगळं नीट. एके दुपारी त्यांनी गोदरेजच्या कपाटातून फाइल काढली आणि मला समजावू लागले. हा विमा, हे नॉमिनेशन, ही पेन्शनची कागदं, हा पासवर्ड. शेवटी फाइल वरच्या कप्प्यात ठेवून म्हणाले, “इथं ठेवलंय हं, शोधत बसू नकोस.” सासूबाई म्हणाल्या, फौजी माणूस, व्यवस्थित असतो. मला पोटात गोळा आला. स्वतःचं क्रिकेटचं सगळं सामानही त्यांनी त्याच दिवशी पुतण्याला देऊन टाकलं होतं, जे आधी कुणाला हात लावू देत नसत.

रात्री ते बुटांना पॉलिश करत बसले होते, सुट्टी संपायला चार दिवस असताना. मी खाली बसले आणि विचारलं, “तुम्ही मरायचा विचार करताय का?” ब्रश थांबला नाही. एक बूट पूर्ण झाला, तो त्यांनी उजेडात धरून पाहिला, आणि म्हणाले, “रोज नाही.”

मी रडले नाही. नंतर रडले. तेव्हा म्हटलं, तुमच्या बडीचा नंबर द्या, आत्ता दोघं मिळून बोलू. त्यांनी स्वतः लावला. पुढे आर्मीच्या इस्पितळात उपचार झाले, कॅट लागली, बढतीचा कोर्स हुकला. ज्यांनी ‘अरेरे’ म्हणायचं ते म्हणाले. गेल्या दिवाळीत घरी होते, माझ्या निम्म्या चकल्या सोऱ्यातच मोडून ठेवल्या.

ध्यान करतात रोज, डॉक्टरांनीही सांगितलंय. गोळ्याही घेतात.

तर्कट

ताई, नमस्कार तुम्हाला. माझा मुद्दा मी अर्धा मागे घेतो. रजेचा अर्धा ठेवतो.

रामबागकर (धागाकर्ती)

मला ४५ मिनिटांचं उत्तर मिळालं. एकच वाक्य शिकवते, तो प्रश्न. पण कसा विचारायचा? मी माझ्या शिकाऊ मुलींना बघते, त्या विचारतात, “असं-तसं काही मनात येत नाही ना?” तो ‘ना’ घात करतो. समोरच्याला कळतं की विचारणाऱ्याला ‘नाही’ ऐकायचंय, आणि तो सभ्यपणे ‘नाही’ म्हणतो. हिंदीतही तेच, “ऐसा-वैसा कुछ तो नहीं सोच रहे ना?”

शब्दही धड नाहीत आपल्याकडे. ‘आत्महत्या’त हत्या आहे, म्हणजे विचारतानाच आरोपी केला. ‘बरंवाईट करून घेणं’ म्हणजे पदराआडून बोलणं. ‘जीव द्यावासा वाटतो का’ मला मराठीत सगळ्यात सरळ वाटतं. जवानांसाठी हिंदीत काय?

निवृत्त सुभेदार, महू

“सच बता, मरने का ख़याल आता है?” ‘सच बता’ बडी म्हणू शकतो, वरिष्ठाने म्हणू नये, तो हुकूम होतो. उस्तादाने “बैठ” म्हणून आधी खाली बसवावं, मग विचारावं. सावधानमध्ये उभा असलेला जवान काहीही विचारा, “नो सर”च म्हणणार.

नारदाची गादी

‘सच बता’ पण काढा. “मरने का ख़याल आता है?” बस. आणि मग गप्प. त्यानंतरची दहा सेकंदं फार लांब असतात. बहुतेक जण तिथेच घसरतात आणि स्वतःच बोलायला लागतात.

छप्पनवाला भिया

+१. आणि वेळ बदलली का, ताई?

रामबागकर (धागाकर्ती), बारा दिवसांनी

धागा वर काढतेय, कारण झालं काय ते सांगायला हवं.

वेळ बदलली नाही. भियाजी, तडक्याचा वास आलाच, आणि आधीचं सत्र लांबल्याने माझी पस्तीस मिनिटं उरली. प्रवचनकारांना आदल्या दिवशी भेटले. ऐकून घेतलं त्यांनी, आणि पाप हा शब्द खरोखर टाळला. साहेबांना डॉक्टरांचा मुद्दा सांगितला. ते म्हणाले, “आप देख लीजिए.” मी त्याला होकार मानलं.

दोन-दोनच्या जोड्या केल्या, जमिनीवर बसवलं. एकाने विचारायचं, दुसऱ्याने फक्त ऐकायचं, मग उलट. पहिल्या फेरीला हशा. कुणीतरी “अभी तो सिर्फ़ भूख का ख़याल आता है” म्हणालं आणि हॉल कोसळला. मी हसू दिलं. दुसऱ्या फेरीला म्हटलं, विचारल्यावर दहापर्यंत मनात मोजा. तेव्हा पंखे ऐकू येऊ लागले.

सत्र संपलं, सगळे जेवायला. मी मागे सामान आवरत होते तर लंगरचा एक स्वयंपाकी दारात उभा, हाताला कणीक. म्हणाला, आम्हाला हॉलमध्ये बोलावलं नव्हतं, पण आतून हसू ऐकलं आणि मग सगळं शांत झालं, तुम्ही विचारायला काय सांगितलंत? मी वाक्य सांगितलं. त्याने दोनदा म्हणून पाहिलं. मग म्हणाला, “मैडम, कौन खाना छोड़ रहा है, ये सबसे पहले हमको दिखता है.” एक पोरगा सुट्टीवरून आल्यापासून ताट घेऊन येतो आणि तसंच परत ठेवतो. कुणाला सांगावं, आपण तर स्वयंपाकी, म्हणून तो गप्प होता.

मी म्हटलं, चला, सोबत जाऊ. त्याने हात धुतले, आणि आम्ही दोघं एसएम साहेबांकडे गेलो. पुढचं इथे लिहिणार नाही.

परतेपर्यंत पंगत उठली होती. त्यानेच माझ्यासाठी दोन पोळ्या ताज्या लाटल्या.